खालच्या डब्यात वरचं घर

३ तारीख, सोमवार

वरचा डबा काल दुपारी बंद पडला. दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, नवीन डबा यायला तीनेक आठवडे लागतील. तोवर खालचा डबा दोन्ही घरं सांभाळेल. कसा सांभाळतो ते तारीख घालून लिहून ठेवा, म्हणजे मला बरं पडेल." मी म्हटलं, "माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय." तो म्हणाला, "मी वाचेन." म्हणून हे लिहायला घेतलं. गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही आहे, तीच मागच्या पानापासून वापरते.

घर दोन मजली. खाली मी आणि हे. वर धाकटी जाऊ आणि दीर. दीर पुलांच्या कामावर असतात, एकदा गेले की तीन महिने तोंड दिसत नाही. सासूबाई होत्या तेव्हा ह्यांनी हे दोन बोलणारे डबे आणले, एक खाली, एक वर. दिवा लाव म्हटलं की लावतात, पाणी तापवतात, दाराचं कुलूप लावतात, फ्रीज उघडला की सांगतात, उघडा राहिला की बोंब मारतात. दोघांची आपसात जोडणी आहे. एक बंद पडला तर पाच मिनिटांत दुसरा त्याचं काम अंगावर घेतो.

तसंच झालं. काल चारच्या सुमाराला आमचा डबा म्हणाला, "वरच्या खोल्या आता माझ्याकडे आहेत." मी पँटची चेन बसवत होते, सुई बोटात गेली.

४ तारीख, मंगळवार

सकाळपासून डबा वरच्याच बातम्या देतोय. वरचा फ्रीज उघडला. वरच्या न्हाणीघरातला दिवा लागला. संडासही त्यातच आहे, कुणी आत गेलं की तो दिवा आपला आपण लागतो. परत फ्रीज. परत न्हाणीघर.

ह्यांना म्हटलं, "ऐका, तुमच्या भावजयीचं सगळं खाली ऐकू येतंय."

हे म्हणाले, "तिला सांगायला पाहिजे."

"सांगा की. तुमचं तोंड मी शिवलंय का?"

हे डेपोत जायला निघाले. बसच्या वेळा लिहितात तिथे. घरातली कुठलीही गोष्ट वेळेवर सांगायची त्यांना जमत नाही.

मी सांगणार नाही. आठ महिने आम्ही बोलत नाही, आता काय म्हणून बोलू, तर तुझा संडास मला कळतो म्हणून?

५ तारीख, बुधवार

दुरुस्तीवाल्याला आकडे हवेत. मी मशीनच्या पाटावर खडूने रेघा ओढल्या, एका बातमीला एक रेघ. संध्याकाळी मोजल्या. फ्रीज एकोणीस वेळा. न्हाणीघर चौदा. एकट्या बाईचं घर आहे की धर्मशाळा? डबा एकच बातमी दोनदा सांगत असणार. तसं लिहून ठेवते.

७ तारीख, शुक्रवार

आज घोटाळा झाला. अकरा वाजता खिडकीतून चांगलं ऊन आलं, म्हणून मी डब्याला म्हटलं, "सगळे दिवे बंद." रोज म्हणते तसंच. डब्यानं सगळे म्हणजे सगळे बंद केले. वरचेपण. पाणी तापवायचंही बंद केलं.

वरून धाडधाड आवाज आला. बादली आपटत होती जमिनीवर, म्हणजे माझ्या छतावर. तिच्या न्हाणीघराला खिडकी नाही. डोक्याला साबण, डोळ्यापुढे अंधार, अंगावर गार पाणी. थोड्या वेळानं जिन्याच्या वरच्या टोकावरून आवाज आला. आठ महिन्यांतलं पहिलं बोलणं.

"ताई, अंघोळ तरी सुखानं करू द्याल का?"

मी खालून म्हटलं, "मला काय स्वप्न पडलं तू आत आहेस ते?"

दार आपटलं. आपट म्हणावं, तुझंच आहे.

मुद्दाम केलं नाही मी. पण ती मानायची नाही. एकदा माणसानं मनात धरलं की झालं, मग समोरच्यानं शपथा घेतल्या तरी उपयोग नाही.

८ तारीख, शनिवार

हे म्हणतात, मी जाऊन तिची समजूत काढावी. म्हणतात, "त्या दिवशी तू बोललीस ते तिला लागलंय."

लागलंय तर लागू दे. दुरुस्तीवाला हे वाचेल तर वाचेल. सासूबाई वर तिच्याकडे होत्या. मी दुपारी भाजी द्यायला वर गेले तर सासूबाई पलंगावरून खाली पडलेल्या आणि ही अंघोळ करून केस पुसत बाहेर येतेय. दोन दिवसांनी सासूबाई गेल्या. सगळे नातेवाईक जमले होते, मावससासू रडत विचारत होती, "कशा पडल्या गं, किती वेळ पडल्या होत्या?" मी म्हटलं, "अर्धा तास तरी पडल्या असतील. हिचं लक्ष असतं तर वाचल्या असत्या."

ती काही बोलली नाही. खरं नसतं तर बोलली असती. माझं तोंड फटकळ आहे, पण खोटं बोलायची मला सवय नाही.

फ्रीज एकवीस. न्हाणीघर सोळा.

११ तारीख, मंगळवार

शेजारीण दोन ड्रेस घेऊन आली, म्हणाली, "माझे आहेत, दोन्ही बाजूंनी आत घ्यायचे." मी ड्रेस उलटा केला. काखेत दुहेरी टीप. ही टीप गावात माझ्याशिवाय कुणी मारत नाही. ते ड्रेस मीच जावेला गेल्या वर्षी शिवून दिले होते.

मी म्हटलं, "तुझे आहेत तर घालून दाखव."

ती म्हणाली, "घाईत आहे गं मी."

"माप?"

तिनं चिठ्ठी काढली. कंबर चार बोटं कमी. दंड दोन बोटं कमी. जावेचं जुनं माप माझ्या ह्याच वहीत पुढच्या बाजूला आहे, पडताळून बघितलं. चार बोटं म्हणजे काही थोडंथोडकं नाही. नवरा लांब, घरात कुणी बघणारं नाही, आणि ही चवळीची शेंग व्हायला निघालीय. दिवसभर फ्रीजला लटकायचं आणि वर वाळायचं, ही कला मलापण शिकवा म्हणावं.

ड्रेस करून दिले. शेजारणीला म्हटलं, "पुढच्या वेळी तिलाच पाठव, मी चावत नाही."

शेजारीण म्हणाली, "तसं तिला कुणी सांगितलेलं नाही."

१४ तारीख, शुक्रवार

आता पाणी. डबा म्हणाला, वरची टाकी अर्ध्यावर आली. एकटी बाई इतकं पाणी करते काय? ह्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, म्हणाले, "उन्हाळ्याची तहान असेल." मी म्हटलं, "मला उन्हाळा नाही का?"

दुरुस्तीवाल्याला फोन करून विचारलं, डबा दुप्पट मोजतोय का. तो म्हणाला, मंगळवारी येऊन बघतो. वरच्या गच्चीचं दार म्हणे खालच्या डब्याला लांब पडतं, तिथली खबर येत नसणार. बाकी सगळं यायला पाहिजे.

फ्रीज सव्वीस. न्हाणीघर एकवीस. रात्रीचे आकडे वेगळे, ते मी सकाळी डब्याला विचारून घेते. रात्रीचे सात. झोपत नाही की काय. सारखा मोबाईल बघत बसायचं, मग झोप कुठून येणार.

१६ तारीख, रविवार

जाऊ बाजारातून आली. खिडकीतून दिसली. पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक पिशवी. जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसली. मला वाटलं फोन आला असेल. फोन नव्हता. बाटली उघडली, अर्धी एका दमात प्यायली, परत बसून राहिली. मी इकडे इस्त्री करतेय, ती तिकडे बसलीय. मी बघतेय का ते बघत असणार. मी पडदा लावून घेतला.

हे म्हणाले, "तिचा चेहरा उतरलाय."

मी म्हटलं, "डाएट करतात हल्ली."

१८ तारीख, मंगळवार

बारा वाजून गेले. आज डबा सकाळपासून वरचं अवाक्षर बोललेला नाही. पाटावर एक रेघ नाही. सुटले एकदाची. आपला आपणच नीट झाला असेल, दुरुस्तीवाल्याला येऊ नको म्हणून सांगणार होते पण तो निघालाय म्हणे. येऊ दे, चहा पिऊन जाईल. आज चार पँटी झाल्या. रोज एवढी शांतता असेल तर सहा होतील.

२० तारीख, गुरुवार

परवाचं लिहायचं राहिलं.

दुरुस्तीवाला एक वाजता आला. वयानं ह्यांच्याएवढा, गुडघे धरून बसतो. त्याला वही दिली. चष्मा लावून त्यानं सगळी पानं वाचली, मधेमधे माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "आकडे बघा, बाकीचं सोडा." मग त्यानं आपला मोबाईल डब्याला जोडला आणि बराच वेळ बोटं चालवली.

"वहिनी, डबा दुप्पट मोजत नाही. एकदा उघडलं तर एकदाच सांगतो."

"म्हणजे सव्वीस वेळा खरंच उघडला?"

"खरंच. आणि आज एकदाही नाही."

"म्हणून तर म्हणते, नीट झाला."

तो म्हणाला, "डब्याला काही झालेलंच नव्हतं. आज जोडणी कालच्यासारखीच आहे. वरच्या न्हाणीघरातला दिवा शेवटचा पहाटे पाचला लागलाय. वर कुणी नाही का?"

मी म्हटलं, "आहे की. चपला आहेत जिन्यात."

हे मी बोलले आणि माझंच मला ऐकू आलं. पहाटे पाचपासून दुपारी एकपर्यंत. चपला जिन्यात.

मी वर गेले. दार वाजवलं. हाका मारल्या. तिला काय म्हणून हाक मारायची तेच आधी सुचेना, मग "अगं ए" म्हटलं. दार आतून बंद. दुरुस्तीवाला खालून ओरडला, "वहिनी, दार डब्याकडे आहे." तसं मीच खाली धावले आणि डब्याला म्हटलं, "वरचं दार उघड." डबा विचारतो, वरचं दार नक्की उघडू का? मी म्हटलं, "उघड म्हणते ना, मेल्या."

ती स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून खाली बसलेली होती. डोळे अर्धे उघडे. मला ओळखलं की नाही माहीत नाही. श्वास पळत आल्यासारखा, आणि तोंडाला सडक्या फळासारखा वास. चारी बाजूंना रिकाम्या बाटल्या. मी तिला उचलायला गेले तर उचलली गेली. एवढी हलकी. चार बोटं मी स्वतःच्या हातानं आत घेतली होती आणि तरी मला हिचं वजन कळलं नव्हतं.

दुरुस्तीवाल्यानं गाडी काढली. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सगळ्या रस्त्यात ती दोनच शब्द बोलली. "पाणी द्या."

२१ तारीख, शुक्रवार

साखर. पाचशेच्या वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून चार-सहा तास गेले असते तर आम्ही काही करू शकलो नसतो. सतत तहान लागणं, सारखं लघवीला जाणं, वजन उतरणं, हीच लक्षणं असतात म्हणे.

मग विचारलं, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी म्हटलं, "ती वर राहते."

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. पोरगेलीच आहे ती डॉक्टर, माझ्या भाचीच्या वयाची. तिच्यासमोर मला खुर्चीत बसवेना, मी उठून उभी राहिले.

दीर निघालेत, पोचायला दोन दिवस लागतील. हे डेपोतून रजा घेऊन आले. ह्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मला म्हणाले, "तू वेळेवर गेलीस म्हणून वाचली." मी म्हटलं, "मी वेळेवर गेले नाही, उगाच बोलू नका."

२४ तारीख, सोमवार

जाऊ उठून बसते आता. डॉक्टरीणबाईंना तारखा हव्यात, त्रास कधीपासून, दिवसातून किती वेळा. जावेला काही सांगता येईना, म्हणाली, "दिवस मोजले नाहीत हो." दुरुस्तीवाला तिथे चौकशीला आलेला, तो मधेच बोलला, "वहिनींकडे लिहिलेलं आहे. रोजचं."

झालं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

घरी येऊन वही उघडली. आकडे आहेत खरे, पण आकड्यांच्या आजूबाजूला मी आहे. धर्मशाळा, चवळीची शेंग, आणि ते सासूबाईंचं. वाटलं, कोऱ्या कागदावर फक्त आकडे उतरवून द्यावेत. बसले लिहायला. पाच तारीख, फ्रीज एकोणीस, न्हाणीघर चौदा. आठ तारीख. असं लिहिल्यावर कसं दिसतं माहीत आहे? एका काळजीवाल्या बाईनं जावेवर पहिल्या दिवसापासून नजर ठेवली, तिची तहान मोजली, असं दिसतं. मी खोटं बोलत नाही असं ह्याच वहीत लिहून ठेवलंय.

कागद फाडला. वही तशीच पिशवीत घातली.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना दिली. त्यांनी मागची पानं चाळली, आकडे टिपून घेतले, एकदा ओठ दाबून हसल्या. मग वही परत द्यायच्या ऐवजी जावेच्या पलंगावर ठेवली. "तुमचीच हकीकत आहे," म्हणाल्या.

भेटायची वेळ संपली म्हणून घरी आले. वही तिथेच आहे. हे पाठकोऱ्या पावतीवर लिहितेय, नंतर चिकटवीन.

२७ तारीख, गुरुवार

जाऊ आज घरी आली. दीर तिच्यासोबत आहेत, पण ते सुई बघितली की खाली बसतात. पूल बांधतात आणि सुईला घाबरतात. दिवसातून चार वेळा पोटाला टोचायचं आहे. जावेचा स्वतःचा हात अजून थरथरतो. नर्सनं दाखवलं, चिमटीत धरा, सरळ आत, दहा मोजा, बाहेर. मी म्हटलं, "द्या इकडे. सुई मी तीस वर्षं धरतेय."

पण कापडाला दुखत नाही. माझा हात थांबला.

जाऊ म्हणाली, "टोचा ताई. सवय आहे मला तुमची."

दीर खोकले. हे खिडकीतून बाहेर बघायला लागले. मी टोचलं. दहा मोजले. तिनं हूं की चूं केलं नाही.

वहीबद्दल ती काही बोलली नाही. मीपण विचारलं नाही.

२९ तारीख, शनिवार

वही परत मिळाली. दुपारची सुई द्यायला गेले तर टेबलावर ठेवली होती, ती म्हणाली, "घेऊन जा, तुमची गिऱ्हाइकांची मापं आहेत त्यात." खाली येऊन उघडली.

तिनं पेन्सिलीनं लिहिलंय. माझ्यापेक्षा अक्षर चांगलं आहे, बारावी झालेली आहे ती. पाच तारखेला, एकोणीसच्या शेजारी, "ह्यातले तीन दार नीट लागलं नव्हतं म्हणून." अकरा तारखेला, "शेजारणीला मीच खोटं बोलायला लावलं, तिला बोलू नका." सोळा तारखेला, "तुम्ही पडदा लावलात तो मी बघितला."

आणि आठ तारखेला, सासूबाईंच्या मजकुराखाली, एकच ओळ. "मी त्यांना पाणी पाजून, पांघरूण घालून अंघोळीला गेले होते. सात मिनिटं."

चार पँटी शिवायच्या होत्या. मशीनवर बसले, उठले.

तेवढ्यात दुरुस्तीवाला नवीन डबा घेऊन आला. वर बसवला, पाच-सहा वेळा दिवे लावून विझवून बघितले. मग खाली येऊन म्हणाला, "वहिनी, आता दोन घरं वेगळी करून टाकू? म्हणजे त्यांचं त्यांना, तुमचं तुम्हाला. की पहिल्यासारखी जोडणी ठेवू, एक बंद पडला तर दुसरा बघेल?"

मी म्हटलं, "मला काय विचारता. वरचं तिचं आहे, तिला विचारा."

तो म्हणाला, "गुडघे दुखतात हो माझे, दोनदा चढलोय."

मग मीच गेले. दार लोटलेलं होतं. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, दीर दूध आणायला गेलेले. मी विचारलं. ती म्हणाली, "जोडणी राहू द्या. फक्त न्हाणीघराचं सांगू नको म्हणावं त्याला. फ्रीज ऐका हवा तर."

"सांगते."

मी वळले. जिन्यापर्यंत जाऊन परत आले.

"सात मिनिटं?"

"सात. पाणी तापायला लावताना घड्याळ बघितलं होतं, बाहेर आल्यावर बघितलं."

"मग तेव्हा का नाही बोललीस? सगळे होते."

"तुम्ही अर्धा तास म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. किंवा माझंच घड्याळ चुकलं असेल. आठ महिने मी तेच हिशेब करत बसलेय, ताई. तुम्हाला कुणी सांगितलं होतं अर्धा तास?"

दुरुस्तीवाला खालून हाक मारत होता, काय ठरलं म्हणून.

"कुणी नाही," मी म्हटलं. "मीच धरला."

ती रडेल असं वाटलं, रडली नाही. म्हणाली, "मावशींना तसंच माहीत आहे अजून. आणि बाकीच्यांना."

मी तिथेच, तिच्या पलंगावर बसून, तिच्याच फोनवरून मावससासूला फोन लावला. तिला ऐकायला जरा कमी येतं, दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं. मी अर्धा तास म्हटलं होतं ते माझ्या मनचं होतं. सात मिनिटं. हो, सात. मी खोटं बोलले होते. मावससासू म्हणाली, "आता कशाला हे?" मी म्हटलं, "आता कळलं म्हणून." मग नणंदेला लावला. मग चुलतदिरांना. अकरा माणसं होती त्या दिवशी, नावं तिनंच आठवून सांगितली, मी तर चार विसरले होते.

सहा झाले. पाच उरलेत, त्यांना उद्या सकाळची सुई दिल्यावर.